कॅज्युअल्टीतली मिनिटं

अ‍ॅट्रोपिनची एक कुपी फोडायला किती वेळ लागतो? आधी कुपीच्या मानेवर टिचक्या मारून वर अडकलेलं औषध खाली उतरवायचं, मान कापसाच्या बोळ्यात धरून मोडायची, सुई आत घालून शेवटच्या थेंबापर्यंत औषध सिरिंजमध्ये ओढायचं आणि रिकामी काच डब्यात टाकायची. सराईत हाताला दहा-बारा सेकंद पुरतात. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या कुपीत औषध असतं 0.6 मिलिग्रॅम.

आता समोर ट्रॉलीवर एक शेतकरी आहे. धारवाड, गदग, हावेरी हा कापसाचा, मक्याचा, मिरचीचा मुलूख. इथे फवारणीचं औषध घराघरात असतं आणि त्याची बाधा झालेला माणूस कॅज्युअल्टीला नवा नाही. त्याच्या तोंडाला फेस आलाय, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात, छातीत पाणी साठल्यासारखी घरघर ऐकू येतेय. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं हे विष शरीरातल्या ग्रंथींना आवर घालणारी यंत्रणाच बंद पाडतं. लाळ, घाम, फुप्फुसातला स्राव यांना धरबंद राहत नाही आणि माणूस स्वतःच्याच पाण्यात गुदमरतो. अ‍ॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा. पण तो एका ठरलेल्या मात्रेत देऊन मोकळं होता येत नाही. पहिली मात्रा साधारण 1.8 ते 3 मिलिग्रॅमची. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, काख कोरडी झाली का ते हात लावून बघायचं. फरक नसेल तर मात्रा दुप्पट करायची. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. छाती मोकळी होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

3 मिलिग्रॅम म्हणजे 5 कुप्या. मग 6 म्हणजे 10. मग 12 म्हणजे 20. दहा मिनिटांत 35 कुप्या. एकीला बारा सेकंद धरले, तर त्या दहांतली सात मिनिटं एका सिस्टरचे दोन्ही हात नुसत्या काचा मोडण्यात गुंतलेले. त्याच वेळी कुणीतरी घशातला स्राव सक्शनने ओढायला हवा, ऑक्सिजन लावायला हवा, विषाने भिजलेले कपडे कापून काढायला हवेत, अंग साबणाच्या पाण्याने धुवायला हवं. नंतर केसपेपरवर या सगळ्याची एकच ओळ उरते: अ‍ॅट्रोपिन दिलं, मात्रा इतकी, वेळ इतकी.

त्या ओळीत 35 कुप्या दिसत नाहीत. आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या माणसांचा वेळ कुठे जातो हा या प्रकरणाचा विषय आहे, आणि त्यातली पहिली अडचण हीच. जे काम कागदावर उमटतं ते हाताने केलेल्या कामाच्या मानाने फार थोडं असतं.

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर, विद्यानगरात किम्स आहे. कागदोपत्री नाव आता बदललं असलं तरी रिक्षावाल्याला किम्स म्हटल्याशिवाय कळत नाही. हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं 1957 साली, म्हणजे धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला त्याच्या दुसऱ्याच वर्षी. समोरच्या रस्त्यावरून 2018 पासून चिगरी नावाच्या बसगाड्या दोन्ही शहरांमध्ये पळतात. चिगरी म्हणजे हरीण. धारवाडच्या बाजूला सत्तूरला एसडीएम रुग्णालय आहे, धारवाड गावात जिल्हा रुग्णालय आहे, आणि दोन्ही शहरांत खासगी दवाखाने पुष्कळ. तरी अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, अवघडलेलं बाळंतपण असं काही झालं की गदग, हावेरी, कोप्पळ, बागलकोट, उत्तर कन्नड या सगळ्या बाजूंनी अ‍ॅम्ब्युलन्स इकडेच वळतात. हळियाळ, दांडेली, जोयडा या भागातून येणाऱ्यांत मराठी बोलणारी घरं खूप आहेत. त्यामुळे हा दवाखाना परराज्यातला असला तरी मराठी माणसाच्या अडीअडचणीचा आहे.

या मोठ्या दवाखान्यातल्या कॅज्युअल्टीचा घड्याळाने मोजलेला हिशोब माझ्यापाशी नाही. जगभरात इतरत्र तसे हिशोब झाले आहेत, ते मी पुढे देतो. पण आधी हे मोजण्याचं खूळ आलं कुठून ते सांगायला हवं, कारण त्यात कापूस आहे आणि हुबळीच्या बाजाराचा कापसाशी जुना घरोबा आहे.

फ्रँक गिल्ब्रेथ हा अमेरिकेतला गवंडीकामातून वर आलेला माणूस. वीट रचताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्या चार-पाचावर आणता येतात हे त्याने दाखवलं. पुढे 1910 च्या दशकात तो शस्त्रक्रियागृहात शिरला, सर्जन काम करत असतानाचं चित्रीकरण करू लागला आणि त्याला दिसलं की सर्जनचा पुष्कळ वेळ अवजार शोधण्यात जातो. सर्जनने नजर न हलवता हात पुढे करायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने नेमकं अवजार त्या हातात ठेवायचं, ही आज आपल्याला सिनेमातूनसुद्धा ओळखीची झालेली पद्धत त्याने आग्रहाने मांडली. गोष्ट सांगताना सर्जनचा वाचलेला वेळ सांगितला जातो. तो वाचला कारण शोधण्याचं काम दुसऱ्या माणसाकडे गेलं. त्या परिचारिकेला शस्त्रक्रियेची पुढची पायरी सर्जनच्या आधी मनात आणावी लागते, आणि तिच्या त्या मिनिटांचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही.

दुसरी पद्धत कापडगिरणीतून आली. एल. एच. सी. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाला 1930 च्या दशकात माग किती वेळ बंद पडून राहतात हे हवं होतं. एकेका मागापुढे दिवसभर माणूस उभा करणं परवडणारं नव्हतं. त्याने सुचवलं की अधूनमधून शेडमधून चक्कर मारा आणि त्या क्षणी कुठला माग चालू, कुठला बंद, एवढंच टिपा. अशा नजरा पुरेशा झाल्या की वेळेचं प्रमाण आपोआप निघतं. रुग्णालयातले कितीतरी अभ्यास याच तत्त्वावर झाले. फरक इतकाच की मागापाशी चालू आणि बंद अशा दोनच नोंदी लागतात. कपाळावर हात धरून उभ्या असलेल्या डॉक्टरपुढे काय लिहायचं? तो थांबलाय की विचार करतोय?

अमेरिकेतला 1998 सालचा एक अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या मागे निरीक्षक फिरले आणि हिशोब असा निघाला: साधारण 32 टक्के वेळ रुग्णापाशी, 47 टक्के रुग्णासाठी पण रुग्णापासून दूर, 21 टक्के रुग्णाशी संबंध नसलेल्या गोष्टींत. हे आकडे पहिल्यांदा वाचले की माणूस चपापतो. एक तृतीयांशच वेळ रुग्णापाशी? मग बाकीचा वेळ ही माणसं करतात काय?

पण मधल्या 47 टक्क्यांत काय काय आहे ते बघा. ईसीजीची पट्टी उजेडात धरून वाचणं, रक्ताचा रिपोर्ट आणि मघाशी पाहिलेलं पोट यांची सांगड घालणं, हाडांच्या डॉक्टरला फोन करून बोलावणं, लिहून ठेवणं, मेंदूच्या सीटी स्कॅनसाठी भांडणं. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा जगभर मान्य असलेला दंडक आहे. पट्टी निघाली, पण ती दीड मिनिट कुणी शांतपणे पाहिलीच नाही, तर दहा मिनिटांचा दंडक पाळूनही माणूस जातो. ते दीड मिनिट ‘अप्रत्यक्ष’ या खान्यात पडतं. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला काचेतून इतकंच दिसतं की बाबा आत एकटे पडलेत आणि डॉक्टर टेबलापाशी कागद बघत उभे आहेत. मी स्वतः अशा बाकावर बसून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, तसंच मनातल्या मनात चरफडलोय. आज वाटतं, त्या रात्री वडिलांना वाचवणारं काम त्या टेबलापाशीच चाललं होतं.

कागदाचं काम मात्र सगळंच या मोलाचं नसतं. अमेरिकेतल्याच 2013 सालच्या एका अभ्यासात आपत्कालीन डॉक्टरांचा 43 टक्के वेळ संगणकात माहिती भरण्यात गेला आणि रुग्णापाशी 28 टक्के. दहा तासांच्या गर्दीच्या पाळीत माउसच्या क्लिक 4000 च्या घरात. आपल्या सरकारी कॅज्युअल्टीत क्लिकच्या जोडीला रजिस्टरं आहेत. कॅज्युअल्टी रजिस्टर, एमएलसी रजिस्टर, पोलिसांना द्यायची खबर, औषधांचं इंडेंट, रेफरची नोंद, संमतीचे कागद, मृत्यू झाला तर त्याची वेगळी कागदपत्रं.

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात, मारामारी, भाजणं, विष, पडणं, साप, यातलं बरंचसं या सदरात येतं, आणि कॅज्युअल्टीचं निम्मं जग याच गोष्टींचं असतं. प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, जागा, रंग, ओळखीच्या दोन खुणा, कुणी आणलं, किती वाजता. उद्या कोर्टात हाच कागद उभा राहणार असतो, तेव्हा त्याला घाई चालत नाही. एकेकाळी या कागदापायीच माणसं मरत. स्कूटरवरून जाणारा एक माणूस गाडीच्या धडकेने जखमी झाला, त्याला दवाखान्यात नेलं, तर कायदेशीर केस आम्ही घेत नाही म्हणून वीसेक किलोमीटर दूरच्या दवाखान्यात पाठवलं आणि तो वाटेत गेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1989 साली न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितलं की आधी जीव वाचवा, सोपस्कार नंतर. ही जबाबदारी सरकारी डॉक्टरवर आहे तशीच खासगी डॉक्टरवरही. कर्नाटकाने पुढे जाऊन अपघातग्रस्ताला उचलून आणणाऱ्या माणसाला संरक्षण देणारा स्वतःचा कायदा केला, त्याला 2018 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. न्यायालयाने क्रम ठरवून दिला. पण ‘नंतर’ म्हणजे नेमकं केव्हा, हे ठरवणं त्याच कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरच्या माथी राहिलं, ज्याच्यासमोर तोवर पुढची ट्रॉली आलेली असते.

आता मी या विषयाच्या गाभ्यापाशी येतो.

वर्षाला किती रुग्ण, दिवसाला किती, पाळीला किती माणसं, हे आकडे प्रत्येक रुग्णालयाच्या अहवालात मिळतात. त्यांच्यावरून वाटतं की कॅज्युअल्टीत तासांची टंचाई आहे. तासांची टंचाई आहेच. पण त्याहून मोठी टंचाई सलग मिनिटांची आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन रुग्णालयांतल्या आपत्कालीन डॉक्टरांवर प्रत्येकी तीन तास नजर ठेवली गेली. त्या तीन तासांत सरासरी 31 वेळा कुणीतरी मध्ये बोललं, आणि त्यातल्या 21 वेळा हातातलं काम सोडून दुसरीकडे वळावं लागलं. सिडनीत जोहाना वेस्टब्रूक यांच्या गटाने हेच अधिक बारकाईने केलं. चाळीस डॉक्टर, 210 तास, निरीक्षकाच्या हातात प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट सेकंदात टिपणारं उपकरण. 2010 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत एका कामावर सलग लागणारा वेळ होता सरासरी 1 मिनिट 26 सेकंद. तासाला साडेसहा वेळा व्यत्यय. आणि ज्या कामात व्यत्यय आला त्यातल्या 18.5 टक्के कामांकडे डॉक्टर परत वळलेच नाहीत.

या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पाचांत जवळजवळ एक काम अर्धवट सुटलं. ते काम काय असेल? कदाचित क्षुल्लक असेल, किंवा दुसऱ्या कुणी पूर्ण केलं असेल. कदाचित ती खाट क्रमांक चारच्या आजीला विचारायची राहिलेली गोष्ट असेल, की तुम्ही रक्त पातळ करण्याची गोळी घेता का. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. व्यत्ययानंतर पुन्हा हाती घेतलेलं काम डॉक्टर जरा आवरतं घेतात. गेलेला वेळ भरून काढायला माणूस घाई करतो, आणि घाई कुठून कापायची हे त्याचं त्यालाही नीट कळत नाही.

परिचारिकांच्या बाबतीत याच गटाने सिडनीच्या दोन रुग्णालयांतल्या वॉर्डांमध्ये औषध देण्याची वेळ निवडली. 98 परिचारिका, चार हजारांवर वेळा औषध देणं. निम्म्याहून अधिक वेळा मध्ये कुणीतरी आलं, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चूक होण्याची शक्यता साधारण 12 टक्क्यांनी वाढली. मग ‘औषध देत आहे, बोलू नका’ असं लिहिलेली जाकिटं परिचारिकांना घालून पाहिली. व्यत्यय थोडे कमी झाले, पण परिचारिका म्हणाल्या की ती उकडतात, अडचणीची होतात, चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो. एप्रिलच्या हुबळीत कुणी असं जाकीट घालणार नाही. शिवाय वॉर्डातलं बोलणं थोपवता येतं, कॅज्युअल्टीत ‘सिस्टर, इकडे या, ह्यांना श्वास लागलाय’ हे वाक्य कुणी थोपवायचं? इथला व्यत्यय म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी जीव असतो. म्हणून व्यत्यय बंद करा असा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. जे व्यत्यय दुसऱ्याच्या जिवासाठी नाहीत तेवढे उचलून बाजूला काढता येतात, आणि ते काढणं फार स्वस्त असतं.

पुन्हा त्या 35 कुप्यांकडे चला. अ‍ॅट्रोपिन मोठ्या व्हायलमध्येही मिळतं. एका व्हायलमध्ये सुई एकदाच घालायची. खरेदीच्या यादीत ती व्हायल असली की सिस्टरला दहांतली सात मिनिटं परत मिळतात, आणि त्या मिनिटांत ती रुग्णाच्या छातीकडे पाहू शकते. किंवा ट्रॉली. आपल्याकडे एक्स-रेला, सीटीला, वॉर्डात ट्रॉली ढकलणारा माणूस नसला की नातेवाईक ढकलतात, वाट चुकतात, परत येऊन विचारतात: ‘सिस्टर, कुठं जायचं?’ रक्ताचा नमुना घेऊन तेच धावतात, बाहेरून औषध तेच आणतात, रिपोर्टसाठी रांगेत तेच उभे राहतात. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर एक प्रश्न असतो, आणि तो प्रश्न विचारायला दिसणारं एकमेव ओळखीचं माणूस म्हणजे पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यातली सिस्टर. परदेशी अभ्यासांत नातेवाइकांच्या श्रमाचा खानाच नसतो, कारण तिथे हे काम पगारी माणसं करतात. आपल्या कॅज्युअल्टीचा हिशोब मांडायचा झाला तर तो खाना सगळ्यात आधी आखावा लागेल. एक ट्रॉलीवाला, नोंदी करणारा एक कारकून आणि दारातच नातेवाइकांना सगळं समजावून सांगणारं एक माणूस मिळालं, तर डॉक्टरचा एकही तास न वाढवता त्याच्या वाट्याला सलग मिनिटं येतात.

भाषेतही वेळ जातो, आणि हुबळीत तो जरा जास्तच. इथे कन्नड आहे, दखनी उर्दू आहे, मराठी आहे, कारवारकडून येणारी कोकणी आहे. ‘दवाखाना’ हा शब्द या सगळ्यांना कळतो, धारवाडी कन्नडमध्येसुद्धा तो आपलाच आहे. पण दवाखान्याच्या आत गेल्यावर वाटा फुटतात. धारवाडकडचा माणूस ‘एदी ब्यानी’ म्हणाला तर छातीत दुखतंय हे बंगळूरहून शिकायला आलेल्या मुलालाही थोडं अडखळून कळेल. हळियाळकडची एखादी आजी म्हणते, ‘जीव घाबरा होतोय बाबा.’ मराठी कानाला लगेच समजतं की हिला भीती वाटत नाहीये. छातीत धडधड आहे, घाम सुटलाय, पायाखालचं सरकतंय, आणि कदाचित हा हृदयविकाराचाच झटका आहे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की आजी नुसती घाबरलेली ठरते, आणि घाबरलेल्या आजीला बाकावर बसवलं जातं. अशा वेळी मध्ये पडते ती एखादी आया, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सून. तिची ती दोन मिनिटं कुठल्याच रजिस्टरात येत नाहीत.

पाळी बदलण्याची वेळ वेगळी सांगायला हवी. अनेक सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची सकाळची आणि दुपारची पाळी सहा-सहा तासांची आणि रात्रीची बारा तासांची असते. सकाळी आठला रात्रीची सिस्टर ‘ओव्हर’ देते: कोण कशासाठी आलं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाचे नातेवाईक पैशांसाठी गावी गेलेत, कुणाला पाणीसुद्धा द्यायचं नाही. बारा तासांत डोक्यात साठलेलं सगळं दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या डोक्यात ओतायचं असतं. मघाशी ज्या 18.5 टक्के अर्धवट कामांबद्दल बोललो, त्यातली काही इथे सापडतात आणि काही इथेच कायमची हरवतात. या पंधरा मिनिटांत कुणी मध्ये बोलू नये एवढा एक नियम जरी कडक पाळला, तरी तो बाकी दहा परिपत्रकांपेक्षा अधिक जीव वाचवील असं मला वाटतं.

रोजचा हा विस्कळीत वेळ एका दिवशी उलटा फिरतो. 19 मार्च 2019 ला दुपारी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली. ढिगाऱ्यातून माणसं काढण्याचं काम पुढे कित्येक दिवस चाललं, 19 जण गेले, आणि दोन-तीन दिवसांनंतरसुद्धा काही माणसं जिवंत निघाली. अशा दुर्घटनेत कॅज्युअल्टीचं गणित बदलतं. एरवी सगळ्यात अत्यवस्थ माणसाला सगळ्यात जास्त वेळ मिळतो. इथे मात्र दारातच एका अनुभवी माणसाने प्रत्येकाला काही सेकंद देऊन लाल, पिवळा, हिरवा, काळा असे गट पाडायचे असतात, आणि ज्याच्या वाचण्याची आशाच उरलेली नाही त्याला वेळ नाकारायचा असतो. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायला सुरुवात केली, त्याचंच हे पुढचं रूप. त्या दारातल्या माणसाची ती काही सेकंदं त्याला पुढे कित्येक वर्षं पुरतात, असं हे काम केलेले लोक सांगतात.

ढिगाऱ्याखालच्या माणसाबाबत वेळेचा आणखी एक विचित्र नियम आहे. पाय तासन्‌तास दगडाखाली चेंगरलेला असतो तेव्हा त्यातल्या मेलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम तिथेच अडकून राहतं. दगड उचलला की ते एकदम रक्तात उसळतं आणि बोलता-बोलता माणसाचं हृदय थांबू शकतं. म्हणून सोडवण्याच्या आधीच सलाईन सुरू करायचं असतं. घाईने दगड उचलणारा त्याचा घात करू शकतो. वर जमलेल्या गर्दीला सांगावं लागतं की थांबा, अजून थोडं थांबा. ते थांबणं हेही आपत्कालीन कामच.

सलग वेळ मिळाला तर काय होतं याचं उत्तर मराठी मुलखातच आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात रुजू झाले तेव्हा कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पोरं मरत होती. तज्ज्ञ नव्हते, यंत्रं नव्हती. बावस्करांनी एक केलं. ते रुग्णापाशी बसून राहिले. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात, फुप्फुसात पाणी कधी भरतं, हे तासातासाने टिपत गेले. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो हे त्यांना या टिपणांतून उलगडलं, आणि त्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे लेख आले, कोकणातले मृत्यू झपाट्याने कमी झाले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा लाल विंचू उत्तर कर्नाटकातही आहे, आणि हुबळीच्या कॅज्युअल्टीत विंचू चावलेलं मूल आलं की प्राझोसिनची तीच गोळी दिली जाते. 1 मिनिट 26 सेकंदांच्या तुकड्यांमध्ये हा शोध लागला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 मध्ये. तोवर बहुतेक ठिकाणी कॅज्युअल्टी म्हणजे सगळ्यात नव्या डॉक्टरला उभं करायची जागा होती. आता या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुलं-मुली येत आहेत, आणि आपला वेळ कुठे जातो हे आपणच मोजलं पाहिजे हे त्यांना कळतं. टिपेटची रीत त्यांना पुरेल. एक वही, एक घड्याळ, आणि अधूनमधून टाकलेली नजर.

साप चावलेल्या माणसाचीही अशीच एक तपासणी आहे, तिलाही यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं आणि नळी वीस मिनिटं हलवायची नाही. वीस मिनिटांनी ती तिरकी करून बघायची. रक्त गोठलेलं नसेल तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे, प्रतिविष द्यायला हवं. मग दहा व्हायल लागतात, प्रत्येकीत कोरडी पूड असते, प्रत्येकीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती न हलवता, फक्त हळूहळू फिरवत विरघळवावी लागते. जोरात हलवली की फेस होतो. कर्नाटकाने 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक केलं, तेव्हा आता त्याचाही एक कागद भरायचा असतो. रात्री दोनला सिस्टर ती नळी स्टँडवर ठेवते, वर चिकटपट्टीवर वेळ लिहिते, नळीला हात लावू नका असं सगळ्यांना बजावते, आणि दारात नवी ट्रॉली आली म्हणून तिकडे जाते.